६० हजारांत जुन्या स्विफ्टचा पिकअप वाढवायचा असेल, तर पैसे कुठे घालावेत

प्रश्न साताऱ्याहून आला आहे, तो थोडक्यात असा. गाडी २०१२ सालची स्विफ्ट व्हीएक्सआय, १.२ लिटर पेट्रोल, ८६ हजार किलोमीटर चाललेली आणि टायर सहा वर्षांचे. चार माणसे आणि सामान घेऊन पसरणीचा घाट चढताना गाडी ओढत नाही, पुढे एसटी लागली की पाचगणी येईपर्यंत तिच्या मागेच राहावे लागते. एका दुकानदाराने उघडा कोन फिल्टर (डब्याविना बसणारा शंकूसारखा एअर फिल्टर), फ्री-फ्लो सायलेन्सर (धूर कमी अडवणारा) आणि ईसीयूचा, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाचा, रीमॅप (त्यातले आकडे बदलणे) अशा तीन कामांचे मिळून ५८ हजारांचे कोटेशन दिले आहे आणि त्यातून २५ अश्वशक्ती वाढेल असे तोंडी सांगितले आहे. बजेट ६० हजार आहे. हे काम करून घ्यावे का, आणि नसेल तर त्याच पैशात काय करावे?

माझे उत्तर असे की हे कोटेशन घेऊ नका. पेट्रोल इंजिनांचे काम मी पुण्यात पंचवीस वर्षे करतो आहे आणि याच जातीची शेकडो इंजिने हाताखालून गेली आहेत. तुमच्या गाडीची जी ताकद मुळात होती ती आधी पूर्ण परत आणा, मग ब्रेक आणि टायर करा, आणि त्यातून जे उरेल त्यात रीमॅपचा विचार करा. हा क्रम मी का सांगतो ते नीट समजून घेतलेत, तर पुढे कोणी कोणतेही कोटेशन हातात दिले तरी त्याची पारख तुम्हाला स्वतःला करता येईल.

आधी घाटाचे गणित पाहू. तुमचे के-१२ इंजिन ११९७ सीसीचे आहे. कंपनीच्या आकड्यांनुसार ते ६००० आरपीएमला (मिनिटाला तेवढ्या फेऱ्या फिरताना) ८७ अश्वशक्ती देते आणि ४००० आरपीएमला ११४ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देते. लोक ८७ हा आकडा लक्षात ठेवतात, पण तो फक्त ६००० आरपीएमचा आहे आणि घाटात आपण त्याच्या आसपासही नसतो. माणसे आणि सामान धरून गाडी १३०० किलो झाली आणि रस्ता शंभर मीटरला सात मीटर चढत असला, तर ताशी ४० किलोमीटरचा वेग नुसता टिकवून ठेवायला साधारण १६ अश्वशक्ती लागते. त्या वेगाला चौथ्या गिअरमध्ये इंजिन दीड हजार आरपीएमच्या आतबाहेर फिरते. तिथे अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी जेमतेम १८ अश्वशक्ती निघते, आणि एसी चालू असेल तर त्यातलीही तीन-चार कॉम्प्रेसर खातो. म्हणजे ओव्हरटेकसाठी हातात काहीच उरत नाही. तोच वेग दुसऱ्या गिअरमध्ये धरला तर इंजिन पावणेतीन हजारांच्या जवळ फिरते आणि ४० अश्वशक्ती उपलब्ध होते. चौथ्यातून दुसऱ्यात आल्याने मिळणारी ही बावीस अश्वशक्ती त्या ५८ हजारांच्या कोटेशनमधून मिळणार नाही.

इंजिन साडेतीन-चार हजारांवर फिरवले की बिघडते, अशी भीती आपल्याकडे अनेकांच्या मनात घर करून आहे. ऑइलची पातळी बरोबर असेल आणि इंजिन नीट तापलेले असेल, तर के-१२ ला चार हजार आरपीएम हे मुळीच जड नाही. उलट दीड हजारावर फुल अॅक्सिलरेटर दाबून गाडी रखडत चढवली, तर बेअरिंगांवर जास्त ताण येतो आणि नॉकिंगही होते, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटून ठोके बसतात. पुढच्या वेळी एसटीच्या मागे लागलात, तर समोरचा रस्ता दिसत असताना आधीच दुसरा गिअर टाकून ठेवा, एसी एक मिनिट बंद करा आणि मग पाहा. माझ्याकडे याच तक्रारीने आलेल्या कित्येकांचे निम्मे समाधान एवढ्यावर झाले आहे.

आता उंची. तुमच्या इंजिनाला टर्बो (हवा दाबून आत ढकलणारा पंखा) नाही, त्यामुळे सिलिंडर भरण्याचे काम वातावरणाचा दाब करतो. हा दाब समुद्रसपाटीला सुमारे १०१ किलोपास्कल असतो, साताऱ्यात ९३ च्या जवळ असतो आणि महाबळेश्वरला ८६ च्या आसपास उतरतो. तुमची ८७ अश्वशक्तीची गाडी महाबळेश्वरच्या बाजारपेठेत ७५ च्या आसपासचीच असते, आणि यात गाडीचा काही दोष नाही. कोकणात सुसाट वाटणारी गाडी वर आल्यावर मरगळलेली वाटते, त्यामागे मोठे कारण हेच आहे.

मात्र ८६ हजार किलोमीटर झालेली आणि चौदा वर्षांच्या घरात आलेली गाडी आपली मूळ ताकद टिकवून असते, असे फार क्वचित पाहायला मिळते. मागच्या वर्षी अगदी तुमच्यासारखीच एक गाडी आली होती. मालकाने दुसरीकडे कोन फिल्टर आणि मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवून घेतला होता. आवाज वाढला, पण गाडी पूर्वीपेक्षा जड झाली, अशी त्यांची तक्रार होती. आधी आम्ही गाडी तिसऱ्या गिअरमध्ये ४० वरून ८० वर न्यायला किती वेळ लागतो ते मोजले. सपाट मोकळा रस्ता, दोनच माणसे, एसी बंद; तीन वेळांची सरासरी १०.८ सेकंद आली. मग स्कॅनर लावला. अर्धा तास चालवूनही कूलंटचे (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे) तापमान ६७ अंशांच्या वर जाईना, कारण थर्मोस्टॅट, म्हणजे त्या द्रवाची वाट उघडणारी-मिटणारी झडप, उघड्या स्थितीत अडकला होता. ईसीयूच्या दृष्टीने इंजिन अजून थंडच होते, म्हणून तो पेट्रोल जास्त सोडत होता. प्लग काढले तर चारही काळवंडलेले निघाले आणि त्यांचे गॅप झिजून बरेच वाढलेले होते. त्यानंतर गाडी जॅकवर घेऊन मागची चाके हाताने फिरवली. डावे चाक अर्ध्या फेऱ्यातच थांबत होते, कारण हँडब्रेकची केबल गंजून ताणलेली राहिली होती आणि ड्रममधले लायनर सतत घासत होते. थर्मोस्टॅट, चार प्लग, केबल, थ्रॉटल बॉडीची (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेची) सफाई आणि मूळ एअर फिल्टरचा डबा परत बसवणे, एवढ्या कामानंतर त्याच रस्त्यावर तोच वेळ ९.१ सेकंद आला. कोणताही परफॉर्मन्स पार्ट न बसवता पावणेदोन सेकंद कमी झाले, आणि मजुरीसह खर्च ११ हजारांच्या आत राहिला.

म्हणून पहिला खर्च तपासणीवर करा. कॉम्प्रेशन टेस्ट (प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो त्याची मोजणी) करून घ्या, पण ती इंजिन गरम असताना, चारही प्लग काढून आणि थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून व्हायला हवी. घाईत थ्रॉटल बंद ठेवून घेतलेले आकडे कमी येतात आणि उगाच घाबरवतात. नेमक्या आकड्यापेक्षा चार सिलिंडरांतला फरक महत्त्वाचा आहे. तो दहा टक्क्यांच्या आत असेल तर खालचे इंजिन ठीक आहे असे धरून पुढे जाता येते. एखादे सिलिंडर त्याहून मागे असेल, तर रिंगांचे की व्हॉल्व्हचे काम आहे ते ठरवावे लागेल, आणि तशा इंजिनावर रीमॅप करणे म्हणजे पैसे आणि इंजिन दोन्ही पणाला लावणे होय. स्कॅनरवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम पाहा, म्हणजे ईसीयू ठरलेल्या मापापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतो किंवा घटवतो तो आकडा. तो अधिक-उणे पाच टक्क्यांच्या आसपास असावा. दहाच्या पुढे गेला असेल तर कुठेतरी हवा गळते आहे, इंजेक्टर चोंदले आहेत किंवा पुढचा ऑक्सिजन सेन्सर म्हातारा झाला आहे. इंजेक्टर काढून अल्ट्रासॉनिक मशीनवर साफ करून घ्या, आणि चारही नळ्यांत एका वेळेत सारखे पेट्रोल जमते का ते समोर उभे राहून पाहा. क्लच घसरतो का हेही याच टप्प्यात कळायला हवे. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण अॅक्सिलरेटर दिल्यावर आरपीएम वाढतो पण वेग वाढत नाही असे होत असेल, तर आधी क्लच प्लेट, बाकी सगळे नंतर.

आता कोटेशनमधल्या तीन वस्तू. उघड्या फिल्टरची बाजू अशी मांडतात की मूळ फिल्टर हवा अडवतो. हे खरे आहे का ते तुमच्याच गाडीवर फुकट तपासता येते. चावी ऑन ठेवा, इंजिन सुरू करू नका आणि स्कॅनरवर मॅनिफोल्ड प्रेशरचा (इंजिनात शिरणाऱ्या हवेच्या दाबाचा) आकडा पाहा. साताऱ्यात तो ९३ च्या जवळ येईल. मग स्कॅनर दुसऱ्या माणसाच्या हातात देऊन दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण अॅक्सिलरेटरवर पाच हजार आरपीएमला तोच आकडा वाचायला सांगा. स्वच्छ फिल्टर असलेल्या गाडीत तो दोन-तीनानेच कमी दिसतो. म्हणजे फिल्टर, डबा, पाइप आणि थ्रॉटल यांचा मिळून अडथळा दोन-तीन टक्क्यांचा आहे. तो सगळाच्या सगळा नाहीसा झाला तरी फायदा दोन अश्वशक्तींचा. याउलट मूळ डबा बॉनेटच्या पुढच्या कडेजवळून बाहेरची हवा घेतो, तर उघडा कोन इंजिनाच्या खोलीतली तापलेली हवा ओढतो. ३५ अंशांऐवजी ६५ अंशांची हवा आत गेली, तर ती नऊ टक्क्यांनी विरळ असते. घाटात सावकाश चढताना, म्हणजे तुम्हाला ताकद हवी असते नेमके तेव्हा, बॉनेटखाली एवढी उष्णता सहज साठते. शिवाय आपल्याकडच्या उन्हाळ्यातली धूळ काही स्वस्त कोनांमधून आरपार जाते आणि सिलिंडरच्या भिंती झिजवते. तुमच्या गाडीसाठी नवा कागदी फिल्टर हाच उत्तम फिल्टर आहे.

सायलेन्सरचेही तसेच आहे. नुसता मागचा डबा बदलून आवाज बदलतो, ताकद जवळजवळ बदलत नाही. खरा फरक हेडर (इंजिनातून धूर बाहेर नेणारे पहिले पाइप) बदलून आणि कॅट-कॉन (धूर शुद्ध करणारा डबा) काढून पडतो. पण कॅट-कॉन काढण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. गाडी पीयूसीत नापास होते, तिच्या मागे चालणाऱ्या माणसाच्या फुप्फुसात तो धूर जातो आणि कायद्यानेही ते चालत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवून दिलेल्या मूळ रचनेशी विसंगत फेरफार करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हाच अर्थ स्पष्ट केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मधील चौथ्या पोटकलमात अशा प्रत्येक फेरफारासाठी मालकाला ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. अपघात झाला तर न कळवलेल्या फेरफाराचा मुद्दा विमा कंपनी काढू शकते, तो खर्च याहून कितीतरी मोठा असतो.

राहिला रीमॅप. टर्बो गाडीत रीमॅप करणारा टर्बोचा दाब वाढवतो, म्हणून सिलिंडरमध्ये खरोखर जास्त हवा जाते आणि ताकद भरपूर वाढते. तुमच्या इंजिनात वाढवायला दाबच नाही. तिथे इग्निशन (ठिणगी पडण्याची वेळ) थोडे पुढे घेता येते, पूर्ण थ्रॉटलवरचे मिश्रण सुधारता येते आणि पेडलचा नकाशा बदलता येतो. नीट केलेल्या कामातून माझ्या मोजणीत चार ते सहा अश्वशक्ती मिळाल्या आहेत. २५ कधीच नाहीत. पेडलच्या नकाशाबद्दल सावध राहा, कारण रीमॅप करून बाहेर पडताक्षणी गाडी उडते आहे असे जे वाटते ते बहुतांशी त्यानेच. पूर्वी पेडल अर्धे दाबल्यावर थ्रॉटल जेवढा उघडत असे, तेवढा आता पाव दाबल्यावरच उघडतो. पूर्ण दाबल्यावर गाडी पूर्वीएवढीच असते. म्हणून मोजणी नेहमी पूर्ण अॅक्सिलरेटरवर करा. डायनोचा (ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) कागद दाखवला तर आधीचा आणि नंतरचा आकडा एकाच मशीनवरचा, एकाच दिवसाचा आणि दोन्ही चाकावरचे आहेत का ते विचारा. चाकापर्यंत येताना साधारण १२ ते १५ टक्के ताकद गिअरबॉक्समध्ये आणि टायरमध्ये जाते. आधीचा आकडा चाकावरचा आणि नंतरचा इंजिनावरचा दाखवला, तर काहीही न करता बारा अश्वशक्ती वाढलेल्या दिसतात.

ब्रेक आणि टायर हे इंजिनाच्या प्रश्नात कशाला, असे वाटेल. पाचगणीहून वाईपर्यंत गाडी साडेपाचशे मीटरहून अधिक खाली उतरते. १३०० किलोची गाडी एवढी उतरताना जी ऊर्जा मोकळी होते, तिच्यात वीस लिटर थंड पाणी उकळेल. त्यातली जी इंजिन ब्रेकिंगने आणि हवेने शोषली जात नाही, ती सगळी पुढच्या डिस्कमध्ये आणि मागच्या ड्रममध्ये जाते. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेते. डॉट-४ दर्जाचे ताजे ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओल शिरल्यावर तीच किमान मर्यादा १५५ वर येते. ऑइल उकळले की पेडल मऊ पडून खाली जाते, आणि ते नेमके उताराच्या शेवटच्या वळणांवर होते. तुम्ही गाडी वेगाने वर नेणार असाल तर ती तितक्याच भरवशाने खाली आली पाहिजे. पुढचे पॅड, मागचे लायनर, होसपाइपची तपासणी आणि संपूर्ण ऑइल बदल एवढे कराच.

टायर तर आता बदलायलाच हवेत, सहा वर्षांचे रबर कडक झालेले असते. मूळ माप १६५/८० आर १४ आहे. तुमच्याच रिमवर १८५/७० आर १४ बसतो. त्याची उंची मूळ टायरपेक्षा एक टक्क्याच्या आतच कमी आहे, म्हणून स्पीडोमीटर आणि गिअरिंग दोन्ही जवळजवळ तसेच राहतात आणि पावसाळ्यात वळणावर पकड स्पष्टपणे वाढते. सोळा-सतरा इंची अलॉयच्या मोहात पडू नका. जड चाक फिरवायला जास्त ताकद लागते, आणि चार अश्वशक्ती मिळवण्यासाठी हजारो रुपये मोजणाऱ्या माणसाने ती चाकांत घालवावी हे मला पटत नाही.

पेट्रोलबद्दल थोडेसे. ९१ ऑक्टेनसाठी (ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची नॉकिंग रोखण्याची क्षमता) नकाशा लिहिलेल्या इंजिनात १०० ऑक्टेनचे पेट्रोल घालून ताकद वाढत नाही. तो पैसा वाया जातो. इथेनॉलकडे मात्र लक्ष द्या. तुमची गाडी ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल, येण्याच्या बरीच आधीची आहे. त्या पेट्रोलमध्ये प्रत्येक लिटरमागे ऊर्जा साध्या पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के कमी असते, त्यामुळे फ्युएल ट्रिम थोडा वर गेलेला दिसला तर लगेच बिघाड शोधू नका. मात्र जुने रबरी फ्युएल पाइप आणि सील चिरले आहेत का ते याच खेपेला पाहून घ्या.

हिशेब पुण्यातल्या दरांनी साधारण असा बसतो. तपासणी आणि कॉम्प्रेशन टेस्टला ३ ते ४ हजार. प्लग, थर्मोस्टॅट, इंजेक्टर आणि थ्रॉटलची सफाई, ऑइल, फिल्टर आणि किरकोळ केबल-पाइप मिळून १२ ते १५ हजार. ब्रेकचे काम ८ ते १० हजार. चार टायर अलाइनमेंटसह २० ते २२ हजार. हे सगळे करूनही दहा-बारा हजार शिल्लक राहतात. ते लगेच खर्च करू नका. दोन महिने गाडी चालवा, घाटात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरचा वापर अंगवळणी पडू द्या. त्यानंतरही ताकद कमी वाटली, तर ईसीयूची मूळ फाइल जपून ठेवणाऱ्या आणि ती लेखी परत देणाऱ्या ट्यूनरकडेच रीमॅप करा. त्याआधी क्लच तपासणीत पास होणे हीही अट धरा. क्लच बदलायचा निघाला तर शिल्लक त्याच्यासाठी आहे.

या गाडीला टर्बो किट लावण्याची कल्पना कोणी सुचवली तर ती सोडून द्या. पिस्टन, इंजेक्टर, कूलिंग, क्लच आणि ट्यूनिंग धरून तो खर्च तुमच्या बजेटच्या कितीतरी पुढे जातो, कायद्याचा प्रश्न वेगळाच. घाटातला जोर हीच खरी गरज असेल, तर एक-दोन वर्षांनी गाडी बदलताना टर्बो गाडी पाहणे शहाणपणाचे आहे. चाकणला तयार झालेल्या पोलोचे १.२ टीएसआय इंजिन १५०० आरपीएमलाच १७५ न्यूटन-मीटर देत असे, म्हणजे त्याच आरपीएमला तुमच्या इंजिनाच्या दुपटीहून अधिक. तुमच्याच पिढीची डिझेल स्विफ्टही २००० आरपीएमला १९० देते. त्या गाड्यांत रीमॅपला अर्थ आहे, पण तिथेही आधी क्लचची अवस्था पाहूनच.

तूर्त स्कॅनरवाल्याकडे जाऊन मला चार गोष्टी कळवा: चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन, तापलेल्या इंजिनाचे कूलंट तापमान, लाँग टर्म फ्युएल ट्रिम, आणि दोन माणसांसह एसी बंद ठेवून तिसऱ्या गिअरमध्ये ४० ते ८० ला लागणारा वेळ. तो वेळ साडेनऊ सेकंदांच्या वर आला, तर तुमच्या इंजिनात दडलेली ताकद अजून बाहेर काढायची आहे आणि कुठून सुरुवात करायची ते बाकीच्या तीन आकड्यांवरून सांगता येईल.